देवराईची मोळी आणि शंभर वर्षांनंतरचे पाउंड

चिनू,

तुझा मेसेज वाचला, आजोळी देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी का उचलत नाही, देवी खरंच कोपते का. कोपते का ते तिलाच विचार बाई, पण राईतला झरा आहे ना, त्यावर एप्रिल-मेमध्ये अख्खी वाडी पाणी भरते आणि प्रत्येकाने एकेक मोळी नेली असती तर राई कधीच संपली असती. अगदीच बंदी नाहीये हां, देवळाचा वासा कुजला तर गुरव कौल लावतो, मूर्तीला पाकळ्या चिकटवतात आणि सगळे टक लावून बसतात, उजवी पडली की झाड तोडायला परवानगी.

पुढच्यांसाठी आज किती राखायचं, यावर आता तुझ्या इकॉनॉमिक्सवाल्यांचं बघ. २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्ननी ब्रिटिश सरकारसाठी क्लायमेटवर रिपोर्ट केला, त्यावरचं मुख्य भांडण डिस्काउंट रेटचं, म्हणजे पुढे होणारं नुकसान आज केवढ्याचं धरायचं. शंभर वर्षांनी १०० पाउंडांचं नुकसान होणार असेल तर स्टर्नच्या साधारण वर्षाला १.४ टक्क्याने ते आज २५ पाउंड होतं, साडेचार टक्के लावलेस तर जेमतेम सव्वा पाउंड! अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउसचं म्हणणं, दर बाजारात दिसतो तसा चढाच धरा, पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंतच असणार (त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं). उलट केंब्रिजचा गणिती फ्रँक रॅमसे १९२८ मध्येच सांगून गेला की केवळ नंतरचं म्हणून सुख कमी मोजणं नीतीला धरून नाही.

मी रॅमसेच्या बाजूची. पण नॉर्डहाउसचा मुद्दा उडवून लावू नकोस, कारण पुढच्यांसाठी राखायचं तर किंमत आजचेच मोजतात, राई राखली गावाने आणि पायपीट केली बायकांनी, गॅस नव्हता तेव्हा मामी शेजारची राई सोडून पार वरच्या डोंगरावरून डोक्यावर मोळी आणायची, तिला कुणी कौल लावून विचारलं नव्हतं. इथली, ब्रिटनची ट्रेझरी (अर्थखातं) सुद्धा ३० वर्षांपुढच्या हिशोबात ३.५ टक्क्यांचा दर हळूहळू उतरवते, चांगलंच आहे, पण बिल कुणाच्या नावाने फाडायचं ते त्या दरात कुठे येतं? माझ्या मते आधी आपल्या, दरवर्षी विमानाने मुंबईला जातो आपण, मामीच्या चुलीचा नंबर फार नंतर.

पटत नसेल तर शनिवारी घरी ये, भांडू.

आई