वाचकांचे प्रश्न : म्हातारपण पांघरणारा नट

गेल्या अंकात संजीवकुमार यांच्याविषयी चार ओळी आल्या आणि देवगडपासून गुहागरपर्यंतच्या वाचकांनी पत्रे धाडली. सगळी छापणे शक्य नाही. त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गणपतीत सगळे चाकरमानी घरी आले होते, तेव्हा ‘शोले’ पुन्हा पाहिला. नातवाने विचारले, ठाकूर झालेल्या नटाचे वय तेव्हा किती होते? मी साठ सांगितले. माझे बरोबर आहे का? (एक वाचक, देवगड)

आपण साठ सांगितलेत यातच त्या नटाचे यश आहे, परंतु नातवाला खरे वय सांगावे लागेल. संजीवकुमार यांचा जन्म 9 जुलै 1938 चा आणि ‘शोले’ प्रदर्शित झाला 15 ऑगस्ट 1975 रोजी. म्हणजे त्यांना नुकतेच सदतिसावे वर्ष पूर्ण झाले होते. त्यांच्यासमोर उनाड पोरासारखे वावरणारे धर्मेंद्र त्यांच्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठे होते. ‘त्रिशूल’ची (1978) गोष्ट तर याहून नवलाची आहे. त्यात ते अमिताभ बच्चन आणि शशी कपूर या दोघांचे वडील झाले आणि शशी कपूर प्रत्यक्षात त्यांच्याहून जवळजवळ चार महिन्यांनी मोठे होते. जया भादुरी त्यांच्यापेक्षा दहाच वर्षांनी लहान. 1972 या एकाच वर्षी ‘परिचय’मध्ये ते तिचे वडील झाले आणि ‘कोशिश’मध्ये तिचे पती, तर तीन वर्षांनी ‘शोले’मध्ये सासरे. या तिन्ही नात्यांत प्रेक्षकाला कुठेही खटकत नाही.

प्रश्न : त्यांचे खरे नाव काय? ते मराठी होते का? (एक वाचक, राजापूर)

मराठी नव्हते. हरिहर जेठालाल जरीवाला हे त्यांचे मूळ नाव. कुटुंब सुरतेचे, गुजराती. मुंबईत आल्यावर ते इप्टा आणि पुढे इंडियन नॅशनल थिएटर या संस्थांच्या नाटकांत रमले आणि 1960 च्या ‘हम हिंदुस्तानी’मध्ये एका लहानशा भूमिकेत पडद्यावर आले.

प्रश्न : संजीवकुमार म्हटले की जो तो ‘शोले’चेच नाव घेतो. मला मात्र ‘कोशिश’ अधिक मोलाचा वाटतो. आपले मत काय? (एक शिक्षिका, गुहागर)

बाई, आपल्या मताशी मी बराचसा सहमत आहे. परंतु हे दोन चित्रपट एकमेकांपासून तोडून न पाहता शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. गुलजार यांच्या ‘कोशिश’मध्ये नायकाला वाचा नाही आणि कानही नाहीत, नटाच्या हाती उरतात ती फक्त बोटे, मान आणि डोळे. ‘शोले’मध्ये नेमके उलटे आहे. तेथे हात गेलेले आहेत आणि उरले आहेत ते आवाज आणि डोळे. नटाची जी दोन मुख्य हत्यारे, त्यांतले एकदा एक काढून घेतले आणि एकदा दुसरे, आणि दोन्ही वेळा हा माणूस उरलेल्या हत्याराने लढला. हिंदी चित्रपटात अशी दुहेरी परीक्षा दिलेला दुसरा नट मला तरी आठवत नाही.

‘कोशिश’चा शेवट आठवा. पत्नी गेलेली आहे, मुलगा बोलता-ऐकता आणि शिकलेला आहे, आणि तो एका मूकबधिर मुलीशी लग्न करायला नकार देतो. ज्या बापाने स्वतः वाचेविना संसार करून या मुलाला वाढवले, त्याला तो नकार कसा लागेल! सामान्य चित्रपटात येथे बापाने घर दणाणून सोडले असते. येथे ओरडण्याची सोयच नाही, म्हणून सगळा संताप हातांत उतरतो आणि पाहणाऱ्याला वाटते की या माणसाला आवाज असता तर त्याचा राग इतका खोल गेला नसता. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी राजिंदरसिंग बेदी यांच्या ‘दस्तक’साठीही (1970) मिळालेला होता.

आता ‘शोले’तील होळीचा हल्ला पाहा. जय आणि वीरू डाकूंच्या कचाट्यात सापडले आहेत, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली आहे आणि तो ती उचलत नाही. प्रथम पाहताना आपल्यालाही त्या दोघांइतकीच चीड येते. पुढे सगळी हकिकत उलगडते, अंगावरची शाल गळून पडते आणि तेव्हा कळते की तो उभा होता याचा अर्थ काय होता. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना मी मुद्दाम त्या उभ्या राहण्याकडेच लक्ष दिले. रहस्य ठाऊक असूनही चेहऱ्यावर कुठेही कीव मागणारी रेघ दिसली नाही. ती शाल सुरुवातीपासून त्यांच्या खांद्यांवर असते आणि ती गावच्या मोठ्या माणसाच्या रुबाबाचा भाग आहे असे आपण समजून चालतो, इतक्या सहजपणे ती वागवलेली आहे. अशा संयमाला लोकप्रिय चित्रपटात जागा मिळाली, म्हणून ‘शोले’चे नाव घेणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही.

त्याच 1975 साली ‘आंधी’ही आला. आणीबाणीत त्याच्यावर बंदी आली आणि सरकार बदलल्यावरच तो मोकळेपणाने दाखवता आला. राजकारणात पुढे गेलेल्या पत्नीपासून दुरावलेला हॉटेलचा व्यवस्थापक त्यांनी त्यात उभा केला. सुचित्रा सेन यांच्यासारख्या नटीसमोर आवाज न चढवता उभे राहणे सोपे नव्हते. ‘फिल्मफेअर’चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना याच भूमिकेने मिळवून दिला.

प्रश्न : आपण लवकर जाणार हे त्यांना आधीच ठाऊक होते, असे ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

ठाऊक होते असे कोणाच्याही बाबतीत म्हणता येणार नाही. आपल्या घरातले पुरुष पन्नाशी ओलांडत नाहीत ही धास्ती मात्र त्यांच्या मनात होती, असे त्यांच्यासोबत काम केलेल्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. हृदयविकार जडला, शस्त्रक्रिया झाली, आणि 6 नोव्हेंबर 1985 रोजी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. लग्न केले नव्हते. हाती घेतलेले चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतरही येत राहिले. त्यांतला शेवटचा 1993 साली पडद्यावर आला. ज्याने पडद्यावर इतक्या वेळा म्हातारपण जगून दाखवले, त्याला स्वतःचे म्हातारपण मिळाले नाही, ही हळहळ मला आजही वाटते.

प्रश्न : मी दशावतारी मंडळात काम करतो. वय चोवीस. यंदाच्या जत्रांमध्ये माझ्याकडे वृद्ध राजाची भूमिका आली आहे. दाढी लावली तरी लोक हसतात. संजीवकुमार यांच्यापासून काय शिकावे? (एक कलावंत, कुडाळ)

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण संजीवकुमार स्वतः याच वाटेने गेले होते. विशीच्या आरंभीच त्यांच्या वाट्याला रंगमंचावर साठीच्या माणसांच्या भूमिका आल्या आणि त्यांनी त्या कमीपणाच्या मानल्या नाहीत.

लहानपणी जत्रेत रात्री उशिरा मी रंगमंचामागे जाऊन बसत असे. पेटाऱ्यावर बसून, एका हातात आरसा धरून आपला चेहरा आपणच रंगवणारे कलावंत मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्यांच्यापैकी वृद्धाचे काम करणारे एक गृहस्थ दाढी बांधण्याच्या आधीच म्हातारे झालेले असत. पेटाऱ्यावरून उठतानाच ते गुडघ्यावर हात ठेवून उठत. दाढी शेवटी येई. संजीवकुमार यांच्या कामात मला तेच दिसते. पांढरे केस आणि चष्मा हे त्यांच्यापाशी असतेच, परंतु वय दिसते ते कोणी हाक मारल्यावर मान वळायला लागणाऱ्या वेळात, वाक्याआधी घेतलेल्या श्वासात आणि खुर्चीवर बसताना शरीर सोडण्याच्या पद्धतीत. ‘मौसम’मध्ये एकच पुरुष तरुणपणी आणि अनेक वर्षांनी असा दोनदा दिसतो, ते दोन भाग एकापाठोपाठ पाहिलेत, तर हा फरक शब्दांविना कळेल.

आपल्याकडे संवाद लिहिलेले नसतात, ते आयत्या वेळी सुचतात. म्हणून आपल्याला एक सोय आहे जी त्यांना नव्हती : वृद्ध राजाला एखादे वाक्य अर्ध्यावर सोडून द्यावेसे वाटले, तर ते सोडून देता येईल, आणि मृदंगवाल्याला आधी सांगून ठेवलेत तर तोही त्या जागी थांबेल. तूर्त एवढे करा. दाढी-मिशी न लावता, अंगावर शाल घेऊन, दोन्ही हात शालीच्या आत घट्ट धरून राजाचे पहिले बोलणे घरच्या माणसांसमोर म्हणा. हात बाहेर काढण्याची तीव्र इच्छा कोणकोणत्या शब्दांवर होते ते टिपून ठेवा, आणि जत्रा सुरू होण्यापूर्वी आम्हाला कळवा.