भावाला हिमोफिलिया आहे, मग मला?

प्रश्न: माझं लग्न ठरतंय. धाकट्या भावाला सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट गोठतच नाही, नुसता ठेचकाळला तरी गुडघा फुगतो, मग बर्फ आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन. आईचा भाऊही याच आजाराने लहानपणी गेला, दात काढल्यावर रक्त थांबलंच नाही. मला काही त्रास नाही. आजी म्हणते, एका भावंडाने घेतलं म्हणजे बाकीची सुटली. खरंय का? आणि भावाने लग्न करावं का?

उत्तर: ताई, आजी मायेनं म्हणतायत पण तसं नसतं हो. मामा आणि भाऊ दोघांना आजार, म्हणजे तुमची आई कॅरिअर आहे, बिघडलेलं जनुक बाळगणारी आणि मुलांना देऊ शकणारी. तिच्याकडे दोन एक्स क्रोमोसोम (गुणसूत्रं), त्यातल्या एकावरचं फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारं प्रथिन बनवणारं जनुक बिघडलेलं, दुसरं चांगलं, म्हणून तिचं निभावलं. भावाला वडलांकडून वाय आला, एक्स एकच आणि तो नेमका बिघडलेला. तुम्हाला आईचा कुठला एक्स मिळाला हे निव्वळ छापा-काटा, भावाच्या वेळी नाणं कसं पडलं त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. म्हणजे तुम्ही कॅरिअर असण्याची शक्यता ५० टक्के. असाल तर प्रत्येक गरोदरपणात ४ पैकी १ वेळा आजार असलेला मुलगा होऊ शकतो, मुलगी झाली तर ती निम्म्या वेळा कॅरिअर.

आता टेस्टचं नीट ऐका, इथेच बरेच जण चुकतात. फॅक्टर लेव्हल नॉर्मल आली की लोक सुटलो म्हणतात, पण कॅरिअर बाईची लेव्हल नॉर्मल असू शकते. जनुकाचीच तपासणी हवी, आणि आधी भावाचं रक्त द्या. त्याच्यात बिघाड नेमका कुठे आहे ते कळलं की तुमच्यात तेवढंच शोधायचं. सिव्हिअर पेशंटपैकी निम्म्याच्या आसपास लोकांत त्या जनुकाचा एक तुकडा उलटा झालेला असतो, लॅब सहसा तिथूनच सुरुवात करते. लेव्हल तरीही करा, कारण काही कॅरिअर बायकांची ५० टक्क्यांच्या खाली असते, पाळीत खूप रक्त जातं आणि घरात "असतं एकेकीचं" म्हणून सोडून देतात. याचा मला फार राग येतो.

भावाने लग्न जरूर करावं. त्याच्या मुलाला त्याचा वाय जाणार, त्यामुळे आजार त्याच्याकडून मुलाला जात नाही. मुली मात्र सगळ्या कॅरिअर होणार, हे होणाऱ्या बायकोला आधी सांगायला हवं.

तुम्हीही सांगाच, रिपोर्ट हातात घेऊन सांगा. आईला कुणी दोष देत असेल तर थांबवा, तिने काही निवडून दिलेलं नाही. पुढे दिवस राहिले आणि तुम्ही कॅरिअर निघालात तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे डिलिव्हरीत व्हॅक्युम-चिमटा टाळतील आणि बाळ मुलगा असेल तर नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत त्याला स्नायूत इंजेक्शन देणार नाहीत.