बॅरल बदलण्याआधी गोळ्या बदलून बघा

प्रश्न: नमस्कार सर, मी मूळचा साताऱ्याचा, आता ह्यूस्टनला असतो. मागच्या वर्षी जुनी रुगर १०/२२, म्हणजे पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफल घेतली. ५० यार्डावर पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) दोन इंचांच्या आत येतच नाही. रेंजवरचे मित्र म्हणतात जाड बॅरल (नळी) टाक, घरीच अर्ध्या तासात होतं. टाकू का? आणि त्याला इथे परवाना लागतो का?

उत्तर: बॅरल घरी बदलता येते हे खरंय, पण तुम्ही गोळ्या कुठल्या मारताय ते लिहिलंच नाहीत आणि माझं सगळं लक्ष तिथेच गेलं. ५०० च्या खोक्यातल्या स्वस्त हाय-व्हेलॉसिटी गोळ्या असतील तर या रायफलीला दोन इंच म्हणजे काही आजार नाही, तेवढा येतोच. आधी स्टँडर्ड व्हेलॉसिटीची चार-पाच वेगवेगळी पाकिटं आणा. ही गोळी साधारण ३२५ मीटर सेकंदाला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच सुटते, हाय-व्हेलॉसिटी गोळी आवाजापेक्षा जास्त वेगाने सुटते, वाटेत तिचा वेग आवाजाच्या खाली येतो आणि तिथे तिचा तोल जातो. आणि ब्रँड बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशोबात धरू नका, प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं, ते नळीत बसायला वेळ लागतो.

तरी नाही जमलं तर चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) पुढे जिथून नळीतले गोळीला फिरवणारे आटे सुरू होतात तिथे काळा कडक थर बसलाय का बघा. ब्रश मागून घालायचा म्हणतात, पण १०/२२ चा रिसिव्हर (बॅरलच्या मागचा मुख्य सांगाडा) मागून बंद, म्हणून लोक तोंडाकडून लोखंडी रॉड घालतात आणि क्राऊनची, म्हणजे नळीच्या तोंडाची, कड घासून टाकतात. ती कड एका बाजूने झिजली की गोळी बाहेर पडताना मागचा वायू वाकडा निसटतो आणि ग्रुप फाटतो. गोळी शिशाची, वेग कमी, त्यामुळे पॉइंट टू टू ची बॅरल मारून मारून झिजायला फार म्हणजे फार वर्षं लागतात, मी तरी साफ करताना बिघडवलेल्याच जास्त बघितल्यात. स्टॉकचा (दस्त्याचा) स्क्रू आणि स्कोपचे (दुर्बिणीचे) माउंटही आवळून बघा.

एवढं सगळं करूनही फरक पडला नाही तर मात्र खुशाल बदला. १९६४ पासून या रायफलीची बॅरल स्क्रूसारखी आट्यांनी पिळलेली नाहीये, रिसिव्हरमध्ये नुसती सरकवलेली असते आणि खालून एक व्ही-ब्लॉक (धातूचा ठोकळा) दोन स्क्रूंनी तिला मागे ओढून धरतो. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोट घालूनही बघा, मग स्टॉक उतरवा. नवीन बॅरल बसवताना एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस ओढणाऱ्या आकड्याची) खाच बरोबर समोर आली पाहिजे, आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, जोर लावू नका, रिसिव्हर ॲल्युमिनियमचा आहे आणि जास्त आवळलं तर बॅरल पुढून खाली झुकते. ०.९२० इंची जाड बॅरल जुन्या स्टॉकच्या खोबणीत मावत नाही, आणि तिच्यावर बहुतेक वेळा साधी साइटही (नेम धरायची खूण) नसते, तो खर्च आधीच धरा.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत फेडरल कायद्याने रिसिव्हर म्हणजेच बंदूक, नंबर त्याच्यावर असतो, बॅरल हा सुटा भाग. फक्त १६ इंचांपेक्षा आखूड टाकू नका. राज्याचे नियम मात्र एकदा दुकानात विचारून घ्या.

प्रश्न: सर, पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने मेडल घेतलं तेव्हापासून माझी मुलगी ५० मीटर रायफल नेमबाजीच्या मागे लागलीय. क्लबमधून जुनी अनशुट्झ (नेमबाजीची जर्मन रायफल) मिळाली. ओळखीचा एक लेथवाला म्हणतो बॅरल मी बदलून देतो, फार खर्च नाही. देऊ का? (सांगली)

उत्तर: ताई, अजिबात देऊ नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा भागसुद्धा शस्त्रच धरतात आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो, लेथवाला अडकेल आणि तुम्हीही. वरची रुगर वेगळी, अनशुट्झची मॅच बॅरल बहुतेक घट्ट दाबून पिनांनी बसवलेली असते, हे लायसन्सवाल्या गनस्मिथचंच काम, आणि तेही क्लबला विचारून, कारण रायफल क्लबची आहे.

पण मला नाही वाटत तिथवर जायची गरज पडेल. ५० मीटरला दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, तिथे एकाच कंपनीच्या गोळ्यांच्या दोन लॉटमध्येही (वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपांमध्येही) फरक दिसतो. कोचना सांगून रायफल शिकंज्यात धरून तीन-चार लॉट मारून बघा, प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या, म्हणजे मुलीचा हात त्यात येणार नाही. ते कागद लॉट नंबर लिहून मला पाठवा, मी बघून सांगतो.