एकाच केबलमधून फोन आणि नेट
एकाच केबलमधून फोन आणि नेट दोन्ही नेता येतं का, विचारलंस ना? होतं रे, नक्की होतं. कॅट-५ई केबलमध्ये (नेटची नेहमीची केबल) तारांच्या ४ जोड्या असतात. नेटच्या १०० एमबीपीएस वेगाला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. निळी जोडी, म्हणजे नेटच्या प्लगातल्या पिन ४ आणि ५, फोनला दे. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, हवं असेल तर मात्र चारही जोड्या लागतात, मग सरळ दुसरी केबल ओढ. फोन वाजताना त्या जोडीत ७५ व्होल्टच्या आसपास एसी वीजदाब येतो, म्हणून ती राउटरच्या पोर्टात जाऊ देऊ नकोस.

आपल्याकडे कोकणात खरा शत्रू खारा वारा. आमच्या रत्नागिरीच्या घरी पडवीतला जोड दोन पावसाळ्यांत गंजून हिरवा पडला, फोनवर नुसती खरखर. जोड जेलवाल्या (ओल आत जाऊ न देणाऱ्या) कनेक्टरनेच कर, तोही माजघरात. चिऱ्याची भिंत ओल धरते, केबल पाइपातून ने. आणि विजा कडाडायला लागल्या की फोन आणि नेट दोन्हींचे प्लग काढून ठेव.