उतारा समोर आहे, मग उत्तर का चुकतं?

स्पर्धा परीक्षांतल्या उताऱ्यांबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटमध्ये (आकलन आणि बुद्धिमत्ता तपासणाऱ्या दुसऱ्या पेपरात) माझे दोन-तीन उतारे दर वेळी राहून जातात. आधी प्रश्न वाचावेत की उतारा? – परीक्षार्थी, नांदेड

आधी वेळेचा हिशेब मांडा. पेपर ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा आणि १२० मिनिटांचा. त्यात साधारण १० उतारे आणि त्यांवरचे ५० प्रश्न असतात, बाकी गणित-बुद्धिमत्ता आणि शेवटी निर्णयक्षमता. एका उताऱ्याला सात मिनिटं धरली, तर सत्तर मिनिटं जातात आणि उरलेल्या तीस प्रश्नांना पन्नास मिनिटं राहतात. सातांपैकी तीन मिनिटं वाचनाची, चार मिनिटं पाच प्रश्नांची. तुमचे उतारे राहतात याचा अर्थ एखाद्या उताऱ्यावर दहा-बारा मिनिटं खर्च होत आहेत. ती बहुतेक वेळा वाचनात जात नाहीत, एकाच प्रश्नाच्या दोन पर्यायांत घुटमळण्यात जातात. घरी घड्याळ लावून एक पेपर सोडवा आणि प्रत्येक उतारा संपला की समासात वेळ लिहा. गळती कुठे आहे ते लगेच दिसेल.

आता क्रम. प्रश्नांची फक्त विचारणा वाचा, पर्याय वाचू नका. पाच विचारणांना वीस-पंचवीस सेकंद पुरतात. त्यातून उताऱ्यात काय शोधायचं आहे ते कळतं: एखादी तारीख, कारण, लेखकाचा सूर की एकूण निष्कर्ष. पर्याय आधी वाचू नका असं आग्रहाने सांगतो, कारण चारांतले तीन पर्याय चुकीचे असतात. ते डोक्यात घेऊन उतारा वाचायला बसलं की नजर उताऱ्यातही तेच शोधत राहते.

त्यानंतर उतारा एकदाच, पण नीट वाचा. पेन्सिलीने संपूर्ण वाक्यं अधोरेखित करत बसू नका. 'परंतु', 'मात्र', 'तरीही', 'त्यामुळे', 'वगळता' एवढ्याच शब्दांना गोल करा. लेखक जिथे वळण घेतो तिथेच प्रश्न काढलेला असतो. परिच्छेद संपला की बाजूला दोन शब्द लिहा, जसं 'कारणं', 'विरोधी मत', 'उपाय'. प्रश्न सोडवताना कुठल्या परिच्छेदात जायचं ते यावरून कळतं आणि सगळा उतारा पुन्हा वाचावा लागत नाही.

उतारे क्रमानेच सोडवायला हवेत असं नाही. पहिल्या चार ओळी वाचून विषय अगदीच जड वाटला, तर खूण करून पुढे जा. फक्त उत्तरपत्रिकेवर तेवढे पाच क्रमांक सोडले आहेत ना, हे बोट ठेवून तपासा.

चारांपैकी दोन पर्याय बाद करता येतात. उरलेल्या दोघांत मी हमखास चुकीचा निवडतो. – वाचक, सातारा

सर्वांत जास्त पत्रं याच अडचणीची आहेत, म्हणून एक नमुना घेऊन बघू. उतारा असा:

"पांझरा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत पूर्वापार फड पद्धतीने सिंचन होत आले. नदीवर बंधारा घालून पाणी कालव्याने शेतांकडे नेले जाई. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असे आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकापेक्षा जास्त फडांत असे. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तरी तोटा विभागला जाई. पाणी ठरलेल्या क्रमाने सोडण्याचे काम पाटकरी करी."

प्रश्न: उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो?
(१) फड पद्धतीत पाण्याची टंचाई कधीच भासत नसे.
(२) टंचाईचा भार मोजक्याच शेतकऱ्यांवर पडणार नाही, अशी या पद्धतीची रचना होती.
(३) मोठ्या धरणांपेक्षा फड पद्धत अधिक किफायतशीर आहे.
(४) प्रत्येक शेतकऱ्याला सारखेच पाणी मिळे.

पहिला पर्याय 'कधीच' या शब्दावर पडतो. पाणी कमी पडे, हे उताऱ्यातच आहे. तिसरा कदाचित खराही असेल, पण उताऱ्यात धरणाचा शब्दही नाही. ज्याने सिंचनावर वाचलं आहे त्याला हा पर्याय जास्त मोहात पाडतो. अभ्यासू मुलं इथे चुकतात ती नेमकी याच कारणाने.

उरले दुसरा आणि चौथा. चौथा पर्याय वाचला की 'पाटकरी', 'ठरलेला क्रम' आठवतं आणि न्याय्य वाटप झालं असणार असं वाटतं. पण क्रम म्हणजे पाणी केव्हा मिळेल, सारखं म्हणजे किती मिळेल. किती, याबद्दल उतारा काहीच सांगत नाही. शिवाय उताऱ्यातलं 'बहुतेक' पर्यायात 'प्रत्येक' झालं आहे. दुसऱ्या पर्यायाचे शब्द उताऱ्यात नाहीत, पण 'एकापेक्षा जास्त फडांत' आणि 'तोटा विभागला जाई' या दोन वाक्यांवर तो उभा राहतो. उत्तर दुसरं.

दोन पर्याय उरले की 'कोणता जास्त बरोबर वाटतो' असं स्वतःला विचारू नका. 'कोणत्या पर्यायातला एखादा शब्द उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही' असं विचारा. पर्याय चुकीचा ठरायला एक शब्द पुरतो. आणि उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय दिसला की आधी त्याच्याकडे संशयाने बघा.

मराठीत हा एक शब्द कधी कधी एक अक्षरच असतो. 'च' अर्थ आवळतो, 'ही' अर्थ सैल करतो. 'शिक्षणाने प्रगती होते', 'शिक्षणानेच प्रगती होते' आणि 'शिक्षणानेही प्रगती होते' ही तीन वेगळी विधानं आहेत. उताऱ्यात पहिलं आणि पर्यायात दुसरं असेल, तर पर्याय चूक. नकाराचंही तसंच. 'सगळ्या गावांना पाणी मिळालं नाही' यातून काही गावांना मिळालंही असेल एवढी जागा उरते, 'एकाही गावाला पाणी मिळालं नाही' यातून उरत नाही. आणि प्रश्नाच्या शेवटी 'अयोग्य', 'असत्य', 'वगळून' असं काही असेल, तर त्या शब्दाला गोल केल्याशिवाय पर्यायांकडे वळू नका. सगळं समजूनही उलटं उत्तर भरणाऱ्यांची संख्या कमी नाही.

पेपर आता अर्हताकारी आहे, तर किती प्रश्न सोडवावेत? अंदाजाने उत्तर द्यावं का? – परीक्षार्थी, पुणे

राज्यसेवेचा हा पेपर २०२२ पासून अर्हताकारी झाला, म्हणजे तो फक्त पार करायचा, त्याचे गुण निकालात धरत नाहीत. ३३ टक्के म्हणजे ६६ गुण मिळवायचे. एका प्रश्नाला २.५ गुण, चुकीच्या उत्तराला त्याचा चौथा हिस्सा म्हणजे ०.६२५ वजा. एकही चूक नसेल, तर २७ बरोबर उत्तरांत काम होतं. ५० सोडवून ३२ बरोबर आले, तर ८० वजा ११.२५ म्हणजे ६८.७५, पार. ३१ आले, तर ६५.६२५. अवघ्या ०.३७५ गुणासाठी पहिल्या पेपरातली सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून काठावरचा हिशेब करून उठू नका, ८५-९० गुणांचं लक्ष्य ठेवा.

अंदाजाचं गणित असं: एकही पर्याय बाद न करता ठोकून दिलं, तर सरासरीने प्रश्नामागे ०.१६ गुण हाती लागतात, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय खात्रीने बाद झाला, तर ०.४२. दोन बाद झाले, तर ०.९४, आणि तेव्हा प्रश्न सोडून देणं नुकसानीचं आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पेपरात मात्र एक तृतीयांश गुण कापले जातात. तिथे निव्वळ अंदाजाची सरासरी शून्यावर येते. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी एकाच सवयीने दोन्हीकडे गोल काळे करू नयेत. राज्यसेवेतल्या निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना नकारात्मक गुण नाहीत, ते एकही कोरे ठेवू नका.

उताऱ्याचं मराठी भाषांतर कळतच नाही. इंग्रजी वाचावं का? – वाचक, चंद्रपूर

तुमचा जो पाया पक्का आहे त्या भाषेत वाचा आणि अडलेल्या वाक्यापुरतंच दुसऱ्या भाषेकडे जा. पूर्ण उतारा दोनदा, दोन भाषांत वाचणं सात मिनिटांत बसत नाही. लांबलचक भाषांतरित वाक्यात आधी शेवटचं क्रियापद गाठा, मग त्याचा कर्ता शोधा. 'ज्या... त्या' मधला मजकूर तोवर कंसात आहे असं समजा. भाषेचं आकलन तपासणारे मराठी आणि इंग्रजी उतारे मात्र भाषांतराशिवाय येतात. इंग्रजीची भीती वाटते म्हणून तो उतारा न बघताच सोडू नका, त्याची पातळी दहावी-बारावीची असते.

मुलगी पाचवीत आहे, नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. ती फार सावकाश वाचते. – पालक, धाराशिव

नवोदयच्या भाषा विभागात चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, एकूण २५ गुण, आणि वेळ साधारण ३० मिनिटं. म्हणजे उताऱ्यामागे सात मिनिटं आणि शेवटी दोन मिनिटं हाताशी. या वयाला हा वेळ पुरेसा आहे, घाई करून घेऊ नका. नकारात्मक गुण नाहीत, त्यामुळे वीसही गोल भरायचे, हे तिला पक्कं सांगा.

ती ओठ हलवत वाचते का ते बघा. ओठ हलवत वाचलं की वेग बोलण्याइतकाच राहतो. त्यावर रागावून उपयोग नाही. रोज दहा मिनिटं तिच्या आवडीचं काहीही मनात वाचायला द्या आणि वाचून झालं की 'काय झालं ते एका वाक्यात सांग' एवढंच विचारा. हेच एक वाक्य पुढे 'उताऱ्याला योग्य शीर्षक द्या' या प्रश्नात कामी येतं. मुलं शीर्षक निवडताना पहिल्या ओळीतला शब्द उचलतात. उतारा कावळ्याच्या घरट्यापासून सुरू होऊन पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल बोलत असेल, तर 'कावळ्याचं घरटं' हे शीर्षक चूक, हे तिला दोन-तीन उताऱ्यांवर प्रत्यक्ष दाखवा.

शब्दार्थाच्या प्रश्नात पर्यायातला शब्द उताऱ्यातल्या मूळ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने वाचायला लावा. 'त्याने मान दिला' आणि 'त्याची मान दुखली' यांत 'मान' एकच, अर्थ वेगळे. पाठ केलेली समानार्थी शब्दांची यादी इथे दगा देते.

सराव रोज करते, गुण तेवढेच. – परीक्षार्थी, अहिल्यानगर

उतारे कमी करा आणि चुका जास्त वेळ बघा. राज्य लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत, सरावासाठी त्याच घ्या. बाजारातल्या अनेक सराव-उताऱ्यांत पर्याय इतके ढोबळ असतात की नुसत्या माहितीवर उत्तर येतं आणि उगाच आत्मविश्वास वाढतो. रोज दोनच उतारे सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर वहीत तीन गोष्टी लिहा: बरोबर उत्तराला आधार देणारं उताऱ्यातलं वाक्य, तुम्ही निवडलेल्या पर्यायातला चुकीचा शब्द आणि ती चूक कोणत्या जातीची आहे ते. जाती पाच पुरतात: बाहेरची माहिती, टोकाचा शब्द, कारण-परिणामाची अदलाबदल, नकार नजरेतून सुटणं आणि घाई. चाळीस प्रश्नांनंतर मोजा. बहुतेकांच्या निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या निघतात. तुमच्या चुकांची जात कळली की पुढचे पंधरा दिवस प्रत्येक पर्याय वाचताना फक्त तिच्यावर नजर ठेवा.