विनिपेगला येताना लेझीम आणा

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. थंडी झेपेल का, नर्सिंगची नोंदणी किती अवघड आहे, आणि नाशिकला शाळेच्या लेझीम पथकात नाचणारी तुमची नऊ वर्षांची लेक इथे कॅनडात येऊन "सगळं विसरेल का". पहिल्या दोन्हींचं थोडक्यात सांगते. पारा उणे तीसपर्यंत उतरतो, गाडीचं इंजिन रात्री प्लगला लावून ठेवावं लागतं. पण घरं उबदार असतात आणि माणूस सरावतो. नोंदणीला वेळ लागतो. कॉलेजची कागदपत्रं निघण्याआधीच गोळा करा, नाहीतर मागे राहिलेल्या भावाला तुमच्यासाठी खिडकीवर खेटे घालावे लागतील.

तिसऱ्याचं उत्तर मला इथल्या फिलिपिनो, म्हणजे फिलिपाइन्सहून आलेल्या, लोकांकडून मिळालं, म्हणून ते जरा सविस्तर.

या शहरात दहातला एक माणूस तरी फिलिपिनो. १९५९ मध्ये त्यांच्या पहिल्या नर्सेस आल्या, साठचं दशक संपता संपता इथल्या शिवणकारखान्यांनी कामाला बायका आणल्या, मागोमाग नातलग. मी वृद्धाश्रमात रात्रपाळी करायचे तेव्हा जोडीला एक फिलिपिनो बाई होती. माझी मुलगी शनिवारी घरी टीव्हीसमोर बसते म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्या तालमीला पाठव की." चर्चचं तळघर, घड्या घालून ठेवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात बूट आणि कोटांचा ढीग. तिथे तीस-चाळीस पोरं टिनिकलिंग हा त्यांचा बांबूंचा नाच शिकत होती.

दोघं जण समोरासमोर बसून बांबूची जोडी धरतात, ती दोनदा खालच्या लाकडी पट्ट्यांवर आपटतात, एकदा एकमेकांवर. नाचणाऱ्याने दोन ठोक्यांना आत पाय टाकायचे, तिसऱ्याला बाहेर. टिकलिंग नावाचा लांब पायांचा पक्षी भाताच्या खाचरांतून चालतो, त्याची ही नक्कल. नाच फिलिपाइन्सच्या लेते बेटाकडचा. आपल्या मिझोरामचा चेराव हा बांबूनाच पाहिला असेल तर कल्पना येईल. माझी मुलगी घरी माझ्याकडून चारच्या ठेक्यात लेझीम शिकलेली. तिचा पाय दर वेळी चौथा ठोका शोधायचा आणि घोट्यावर बांबू बसायचा. शेवटी मी तिला म्हटलं, तीन-तीन मात्रांचा दादरा म्हण मनात. मग जमलं. (सरावाला प्लॅस्टिकचे पाइप असतात, खरा बांबू कार्यक्रमालाच. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक!)

पुढे ती पांडांग्गो सा इलाव हा दिव्यांचा नाच शिकली. एक दिवा डोक्यावर, दोन हातांच्या पालथ्या पंजांवर. सरावाला दिव्यांऐवजी पेल्यात पाणी घालून देत. त्या वर्षी आमच्या घरातली फरशी कायम ओली असायची.

मला खरं कौतुक वाटलं ते तालमीच्या कडेला चाललेल्या कामाचं. शिवणकारखान्यांत जन्म घालवलेल्या आज्या पोरींच्या झग्यांच्या उभ्या ताठ बाह्या शिवत बसलेल्या. पोरगं आलं की आधी आजीचा हात घेऊन कपाळाला लावणार. त्याला ते 'मानो' म्हणतात, आपला वाकून नमस्कारच. तालीम संपली की पान्सितच्या शेवया आणि लुम्पिया. ऑगस्टमध्ये फोक्लोरामा भरतो, १९७० पासून. दोन आठवडे शहरभर निरनिराळ्या समाजांचे मंडप, एका संध्याकाळी तोच कार्यक्रम तीनतीनदा. त्यासाठी वर्षभर दर शनिवारी घाम.

सगळं गोडगोड नाही, तेही सांगते. त्यातल्या बऱ्याच पोरांना टागालोग धड बोलता येत नाही. ठेका पक्का, आजीशी बोलणं मात्र इंग्रजीत. आणि नाचही थेट गावातून आलेले नाहीत. फ्रान्सिस्का रेयेस-अक्विनो या बाईंनी गावोगाव फिरून ते टिपले, १९५७ मध्ये स्थापन झालेल्या बायानिहान संचाने ते रंगमंचासाठी घडवले, आणि तिथून ते अशा तळघरांत पोचले. सिंगकिल हा मिंडानाओ बेटावरच्या मुसलमान मारानाव लोकांचा, त्यांच्या दारांगेन महाकाव्यातल्या राजकन्येचा नाच. इथे तो कॅथलिक पोरी रंगमंचावरच्या झगमगाटात करतात. एका मिंडानाओच्या बाईंनी माझ्याजवळ त्याबद्दल नाक मुरडलं होतं. त्यांचं चूक नव्हतं. पण तालीम बंद पडली तर पोरांकडे तेही राहणार नाही, असं मला वाटतं.

आता आपलं. मी आले तेव्हाच्या मराठी मंडळात गणपती आणि दिवाळी एवढंच. पोरांना आठ दिवस आधी एखादं सिनेमातलं गाणं बसवून द्यायचं, आरतीचा कागद हातात द्यायचा, आणि वर "यांना काही येत नाही" म्हणायचं. मीही त्यातलीच! तळघरात दोन वर्षं बसल्यावर पाच घरांनी मिळून रविवारची लेझीम सुरू केली. कधी तीनच पोरं येतात, तरी आम्ही ती रद्द करत नाही.

तेव्हा लेकीला आधी शनिवारच्या टिनिकलिंगला घाला, आपल्या रविवारलाही आणा. एकीने दुसरं बिघडत नाही. मराठी मात्र तुम्हालाच घरात बोलावं लागेल, ते काम कुठलंही पथक करणार नाही. आणि तिची लेझीम सामानात टाकाल ती मोठ्या बॅगेत. मी हातातल्या पिशवीत ठेवली होती. विमानतळावरच्या तपासणीत त्या साखळीकडे बघून त्यांनी मला बाजूला घेतलं, आणि शेवटी ती तिथेच ठेवून यावं लागलं.