अंगठा उमटत नाही, मोरीत आधार नाही

प्रश्न : आई ७६ वर्षांची. पारोळा तालुक्यात धाब्याच्या, म्हणजे मातीच्या भिंतींच्या घरात एकटी राहते, सुरतेला यायला तयार नाही. गुडघे धरलेत. अंगणातल्या मोरीत दोनदा तोल गेला म्हणून भिंतीला दांडी बसवली, ती महिन्याभरात स्क्रूसकट हातात आली.

उत्तर : दोष दांडीचा नाही, भिंतीचा आहे. मातीच्या भिंतीत स्क्रूभोवतीची प्लास्टिकची गिट्टी फुगते, पण तिला धरून ठेवायला भोवती काही कठीण नसतं. जोर आला की मातीचा गोळा घेऊनच ती बाहेर येते. वरून सिमेंटचा गिलावा असेल तर भिंत पक्की वाटते, तिथेच फसगत होते.

आधार जमिनीतून घ्या. एक इंची जी. आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप (बाहेरून साधारण ३३ मि.मी., म्हातारी मूठ पूर्ण बसते) उलट्या 'यू'सारखा वाकवून घ्या. दोन्ही पाय दीड फूट खोल खड्ड्यात काँक्रीटमध्ये गाडा आणि सात दिवस पाणी मारा. त्याआधी आईंना हात लावू देऊ नका, हललेला पाइप पुन्हा घट्ट होत नाही. उंची फरशीपासून ३३ ते ३६ इंच. भिंत आणि पाइप यांत दीड इंचच जागा ठेवा, जास्त ठेवली तर घसरलेला हात आत अडकतो. मोरी उघड्यावर आहे, तर मे महिन्यात हा पाइप चटके देईल. सायकलची जुनी ट्यूब चिरून त्यावर गुंडाळा, ओल्या हाताला पकडही मिळते.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी. बहुतेक जण नेमकं उलटं धरतात. हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. खालचं रबर झिजलं की बदला. शेणाने सारवलेल्या जमिनीवर झिजलेलं रबर सटकतंच.

प्रश्न : आईचे श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तीवेतनाचे पैसे थांबलेत. बँक म्हणते, खातं आधारशी जोडलेलं आहे.

उत्तर : जोडलेलं असेलही, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत 'सीड' झालेलं, म्हणजे आधार क्रमांकापुढे नोंदलेलं लागतं. ती वेगळी गोष्ट आहे. शिवाय पैसे सर्वांत अलीकडे सीड झालेल्या खात्यात जातात. गावात मध्येच कुणी मोफत खातं उघडून दिलं असेल, तर रक्कम तिकडे पडत असते आणि जुनं पासबुक कोरं राहतं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा, बँकेचं नाव दिसेल. त्यासाठी मोबाइल आधारशी जोडलेला हवा. हव्या त्या शाखेत जाऊन 'डीबीटीसाठी सीडिंग' असं स्पष्ट लिहिलेला अर्ज द्या आणि पोच मागा.

कापूस वेचून, राखेने भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट होतात, मग पैसे काढताना यंत्रावर अंगठा उमटत नाही. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं लावून पाहा. तरी जमलं नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. पैसे काढायला तालुक्याला जायची गरज नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधारवर रक्कम देतो, खातं दुसऱ्या बँकेचं असलं तरी.

प्रश्न : आईंना एसटीने सुरतेला फुकट जाता येईल का?

उत्तर : ७५ पूर्ण झाली असल्याने राज्याच्या हद्दीपर्यंत, म्हणजे नवापूरपर्यंत. पुढचं तिकीट काढावं लागेल. वयाचा पुरावा म्हणून आधार जवळ ठेवा.